रक्तदान कशासाठी? दानाची आठ कारणे आणि आपले मन





बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त गेल्या एप्रिलमध्ये आपण कॅरीमध्ये रक्तदान शिबिर घेतले, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. सकाळी बुद्धवंदना झाली, सर्वांनी त्रिशरण-पंचशील ग्रहण केले आणि मग हॉलच्या दुसऱ्या टोकाला खाटा मांडल्या गेल्या. नोंदणीचे टेबल माझ्याकडे होते. यादीत नावे भरपूर होती, त्यामुळे मी खुशीत होतो. पण अकरा वाजेपर्यंत लक्षात आले की आलेल्यांपैकी बरेच जण रक्त न देताच परत फिरत आहेत. कोणी फेब्रुवारीत भारतात जाऊन आले होते. कोणाला अमेरिकेत येऊन दीडच वर्ष झाले होते. दोन-तीन भगिनींचे हिमोग्लोबिन कमी भरले.

तेवढ्यात एक तरुण माझ्या टेबलाशी आला. अमरावतीकडचा, शिक्षण संपवून नुकताच नोकरीला लागलेला. प्रश्नावली भरता भरता उठून आला होता. वाकून हळूच म्हणाला, "दादा, मागच्या महिन्यात घरी जाऊन आलो मी. हे नाही लिहिलं तर चालते का? तेवढाच आपला एक आकडा वाढून जाईल."

मी ताबडतोब 'नाही' म्हणायला हवे होते. मी म्हणालो नाही. दोन-तीन सेकंद गप्प राहिलो. त्या दोन-तीन सेकंदांत मी मनात पिशव्या मोजत होतो. तासाभरापूर्वी ज्या तोंडाने खोटे न बोलण्याचे शील घेतले, तेच तोंड आकड्यासाठी बंद राहिले. मग भानावर आलो आणि म्हणालो, "नाही रे, खरे तेच लिही." त्याने खरे लिहिले आणि त्यालाही परत पाठवले गेले. जाता जाता तो जरा हिरमुसून म्हणाला, "मग मी आलो कशासाठी?"

आजचे हे प्रवचन त्याच्या या प्रश्नाचे उत्तर आहे. आणि माझ्या त्या गप्प राहण्याची कबुलीही.

तथागतांनी सांगितलेली आठ कारणे

माणूस दान का देतो, हा प्रश्न तथागतांनी टाळला नाही. अंगुत्तर निकायाच्या अट्ठकनिपातात, म्हणजे आठ-आठ गोष्टींच्या संग्रहात, दान देण्याची आठ कारणे सांगितली आहेत. त्यांचा आशय असा. कोणी समोर आला म्हणून माणूस देतो. कोणी भीतीपोटी देतो. कोणी, 'त्याने मला दिले होते' म्हणून देतो. कोणी, 'तो मला पुढे देईल' म्हणून देतो. कोणी, दान ही चांगली गोष्ट आहे म्हणून देतो. कोणी, 'माझ्या घरी अन्न शिजते, यांच्या घरी शिजत नाही, तेव्हा न देणे बरे नव्हे' म्हणून देतो. कोणी कीर्तीसाठी देतो. आणि कोणी आपले चित्त सुशोभित व्हावे, निर्मळ व्हावे म्हणून देतो.

या यादीत कोणालाही शिव्या दिलेल्या नाहीत, हे पाहा. माणसाचे मन जसे आहे तसे आपल्यापुढे मांडले आहे. आता ही यादी हातात घेऊन आपण, परदेशात राहणारी माणसे, रक्त का देतो ते तपासून पाहू.

कॅरीत मी पहिल्यांदा रक्त दिले ते ऑफिसमध्ये. खाली गाडी आली होती, टीममधले सगळे चालले होते, म्हणून मीही गेलो. हे झाले पहिले कारण. त्यात थोडे दुसरेही मिसळलेले होते, कारण नवीन देशात एकटाच मागे राहिलो तर लोक काय म्हणतील ही भीती होती. रक्त दिल्यावर गिफ्ट कार्ड मिळाले, टी-शर्ट मिळाला. पुढच्या वेळी गाडी कधी येणार हे मी स्वतःहून विचारले, त्यात गिफ्ट कार्डाचा वाटा किती होता हे मलाच ठाऊक. हे चौथे कारण. नंतर हाताला पट्टी बांधलेला फोटो व्हॉट्सॲपवर टाकला आणि किती अंगठे आले ते मोजत बसलो. हे सातवे.

तिसरे कारण मात्र माझ्याकडे लहानपणापासून आहे. माझा एक मामेभाऊ सिकलसेलचा रुग्ण होता. विदर्भातील आदिवासी समाजात आणि आपल्या समाजातही हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. नागपूर भागातील सिकलसेलविषयीचा शोधनिबंध १९५८ सालीच प्रसिद्ध झाला होता, पण आमच्या वस्तीत तेव्हाही आणि नंतर कित्येक वर्षे लोक त्याला नुसते 'अंगदुखी' म्हणत. भावाला त्रास वाढला की रक्त चढवावे लागे. मामा चिठ्ठी घेऊन रक्तपेढीकडे धावत आणि आम्ही पोरे वस्तीत दारोदार विचारत फिरत असू. एकदा आमच्यापैकी कोणाचेच रक्त घेता येईना, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा नातेवाईक उठला आणि रक्त देऊन आला. त्याने आमची जात विचारली नाही, आम्हीही त्याचे नाव विचारले नाही. त्या माणसाचे मी काहीतरी देणे लागतो, हे मनात कायम राहिले.

भारतात रक्त असे मागितले जाते. घरातला कोणी दवाखान्यात असला की मागणे येते आणि आपण जातो. इथे आल्यावर आपल्यापैकी बहुतेकांचे रक्तदान थांबते, त्याचे एक साधे कारण हेच आहे की इथे कोणी मागतच नाही. रुग्ण दवाखान्यात जातो, रक्त आधीच तयार असते, नातेवाइकांना कोणी चिठ्ठी देत नाही. ते रक्त कोणीतरी अनोळखी माणसाने काही दिवसांपूर्वी देऊन ठेवलेले असते. लाल पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात. म्हणजे तुम्ही-आम्ही इथल्या दवाखान्यात ज्या भरवशावर जातो, तो भरवसा कोणीतरी दर सहा आठवड्यांनी पुन्हा भरत असतो. त्यांच्या घरी शिजते आहे आणि आपण जेवतो आहोत. सूत्रातले सहावे कारण इथे उलटे आपल्यालाच लागू पडते.

आणि आपल्याकडे शिजते ते दुसऱ्यांकडे फारसे शिजत नाही, असेही आहे. भारतात साधारण एक-तृतीयांश लोकांचा रक्तगट 'बी' असतो. अमेरिकेत तो दहात एकाचा. त्याहून दुर्मीळ म्हणजे 'बॉम्बे' रक्तगट. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ओळखला. भारतात तो सुमारे दहा हजारांत एकाला आणि युरोपीय वंशाच्या लोकांत दहा लाखांत एकाला असतो असे सांगतात. या गटाच्या माणसाला फक्त त्याच गटाचे रक्त चालते, साधे 'ओ' गटाचेही चालत नाही. उद्या या गटाचा कोणी कॅरीत किंवा मॉरिसव्हिलमध्ये आजारी पडला, तर त्याच्या उपयोगी पडणारा माणूस बहुधा आपल्यासारखाच कोणी भारतातून आलेला असेल. आपला गट नेमका कोणता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

हेतूने काय फरक पडतो?

आता तुमच्यातला कोणी म्हणेल की हेतू काहीही असो, रुग्णाला रक्त मिळाले ना? गिफ्ट कार्डासाठी दिलेली पिशवी आणि करुणेने दिलेली पिशवी फ्रीजमध्ये सारखीच दिसते. मीही बरीच वर्षे असेच म्हणत होतो. एप्रिलच्या त्या दोन-तीन सेकंदांनी माझे मत बदलले.

आपल्या देशाचाच इतिहास पाहा. भारतात पूर्वी रक्त विकत मिळत असे. गरजू माणसे पैशासाठी पुन्हा पुन्हा रक्त विकत. पैसे हवे असतील तर माणूस आपली कावीळ, आपला ताप, मागच्या आठवड्यात दिलेले रक्त, सगळे लपवणार. ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची खरेदी-विक्री बंद झाली. त्यामागे मोठे कारण हेच होते की जो स्वतःच्या फायद्यासाठी देतो, त्याच्या उत्तरांवर विश्वास ठेवता येत नाही.

रक्ताच्या तपासण्या होतात, पण सगळे काही तपासणीत सापडत नाही. मलेरियाचे जंतू अगदी थोडे असतील तर दात्याला काही जाणवतही नाही. ज्याची प्रतिकारशक्ती आधीच खचली आहे अशा रुग्णाला मात्र तेवढे पुरेसे असतात. म्हणून तर ती प्रश्नावली आहे. दान देण्याच्या आधीची पहिली तपासणी यंत्र करत नाही, आपले शील करते.

त्या तरुणाला आकडा वाढवायचा होता. मलाही आकडाच वाढवायचा होता. आमच्या दोघांचे कारण सातवे होते, कीर्तीचे. आपल्या संस्थेची कीर्ती, आपल्या समाजाची कीर्ती, बाबासाहेबांच्या नावाची कीर्ती. ऐकायला किती चांगले वाटते! पण तेच कारण आम्हाला चौथे शील मोडण्याच्या काठावर घेऊन आले आणि त्याची किंमत कोणी अनोळखी रुग्ण मोजणार होता. हेतू हा केवळ दात्याच्या मनाचा प्रश्न नाही, बंधूंनो. तो नळीतून रुग्णाच्या शिरेपर्यंत जातो.

सत्पुरुषाच्या दानाची लक्षणे सांगताना तथागतांनी एक लक्षण असे सांगितले आहे की ते दान देताना स्वतःलाही इजा होत नाही आणि दुसऱ्यालाही होत नाही. रक्तदानाला याहून नेमका नियम कोणता हवा?

'तुमचे रक्त नको'

आता दुसरी एक गोष्ट, जी आपण एकमेकांना सहसा सांगत नाही. रक्त देण्यापासून मला पहिल्यांदा परत पाठवले गेले तेव्हा मला राग आला होता. टेबलापलीकडची बाई हसून, अगदी अदबीने सांगत होती की भारतातून येऊन तीन महिने झालेले नाहीत, आज तुमचे रक्त घेता येणार नाही. माझ्या कानांना मात्र एवढेच ऐकू आले, 'तुमचे रक्त नको.'

ज्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले नाही, ज्यांच्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यावे लागले, त्यांच्या कानांना असे ऐकू आले तर नवल नाही. आपल्यापैकी काही जण एकदा परत पाठवले गेल्यावर पुन्हा शिबिराकडे फिरकलेच नाहीत, त्याच्या मुळाशी ही जुनी जखम आहे असे मला वाटते.

या देशाकडेही तशी जखम आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली अमेरिकन रेड क्रॉसने रक्त गोळा करायला सुरुवात केली तेव्हा कृष्णवर्णीयांचे रक्त घ्यायचेच नाही असे ठरले होते. टीका झाल्यावर १९४२ मध्ये ते घ्यायला लागले, पण गोऱ्यांच्या रक्तापासून वेगळे ठेवून. ही विभागणी १९५० पर्यंत चालली. आणि रक्त साठवण्याच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत एक अग्रणी कोण होता? डॉ. चार्ल्स ड्रू, एक कृष्णवर्णीय शल्यविशारद. ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ साली बाबासाहेब शिकायला आले, त्याच कोलंबियाने साठवलेल्या रक्ताच्या अभ्यासासाठी १९४० साली त्यांना डॉक्टरेट दिली. युद्धकाळात ब्रिटनला प्लाझ्मा पाठवण्याचे मोठे काम त्यांनी उभे केले. रक्ताची वर्णावरून विभागणी करण्याला विज्ञानात कसलाही आधार नाही, हे त्यांनी उघडपणे सांगितले.

ते वारले आपल्या शेजारी. १ एप्रिल १९५० रोजी सहकारी डॉक्टरांबरोबर अलाबामाकडे मोटारीने जाताना हॉ रिव्हरजवळ अपघात झाला आणि बर्लिंग्टनच्या दवाखान्यात त्यांचा अंत झाला. कॅरीपासून हे ठिकाण मोटारीने तासाभरावर आहे. अपघाताच्या जागेजवळ त्यांची स्मृतिशिळा आहे. मी मुलांना घेऊन तिथे गेलो होतो.

त्यांच्याविषयी एक गोष्ट अमेरिकेत घरोघरी सांगितली जाते. ज्याने रक्तपेढी दिली, त्यालाच वर्णामुळे गोऱ्यांच्या दवाखान्याने रक्त नाकारले आणि तो मेला. मीही ही गोष्ट मुलांना याच रंगात सांगितली होती, आवाज चढवून. नंतर वाचले तेव्हा कळले की हे खरे नाही. त्यांच्याबरोबर मोटारीत असलेल्या डॉक्टरांनीच सांगून ठेवले आहे की तिथल्या गोऱ्या डॉक्टरांनी त्यांना वाचवायचा प्रयत्न केला, पण जखमाच फार मोठ्या होत्या. केवळ ऐकीव आहे म्हणून, किंवा आपल्या मताला सोयीचे आहे म्हणून मानू नका, ही कालाम सुत्ताची शिकवण मी त्या दिवशी माझ्या मुलांसमोर पुन्हा शिकलो. अन्याय खरा होता, हजारो इतर लोकांना दवाखान्याच्या दारातून परत पाठवले गेले होते. पण ही एक गोष्ट खरी नव्हती. आणि खऱ्या अन्यायाला खोट्या गोष्टीचा आधार लागत नाही.

याच कसोटीवर मी माझा राग घासून पाहिला. १९४१ चा नियम माणसाच्या वर्णावर होता. त्याला ना शास्त्राचा आधार होता, ना शेवटाची तारीख. मला लावलेला नियम प्रवासावर आहे. कोणत्याही वर्णाचा अमेरिकन माणूस मलेरियाच्या भागात फिरून आला तर त्यालाही तेच तीन महिने थांबावे लागते. २०२० पर्यंत ही मुदत एक वर्षाची होती, अभ्यासानंतर ती कमी झाली. मलेरिया असलेल्या देशात राहून नव्याने आलेल्यांसाठी ती तीन वर्षे आहे. ज्या नियमामागे रुग्णाची काळजी असते, ज्याला कारण असते आणि जो कारणासह बदलतो, तो विटाळ नव्हे. 'आज नको' आणि 'तुझे नकोच' यांतला फरक ओळखता येणे, हीदेखील प्रज्ञाच.

एकमेकांचे कोण?

आचार्य आर्यशूरांच्या जातकमालेत मैत्रीबल राजाची कथा आहे. पाच भुकेले यक्ष त्याच्याकडे येतात आणि तो त्यांना स्वतःचे रक्त देतो. पुढच्या जन्मी तेच पाच जण पंचवर्गीय भिक्खू होतात आणि सारनाथला तथागतांकडून पहिले धम्मप्रवचन ऐकतात, असे कथा सांगते. आपण जातककथा इतिहास म्हणून वाचत नाही, पण तिच्यातला क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी रक्त, मग धम्म. ज्याला आपण काही दिलेले नाही त्याला नुसता उपदेश करायला आपण जाऊ नये. धम्मपरंपरेत दान पारमितेच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत. बाहेरच्या वस्तूंचे दान ही पहिली. स्वतःच्या शरीरातले देणे ही त्यावरची, तिला उपपारमिता म्हणतात. प्राण देणे ही तिसरी. आपल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दहा पारमिता पाळण्याची प्रतिज्ञा आहे. दुसरी पायरी चढायला आपल्याला एक तास आणि सुमारे अर्धा लिटर रक्त लागते.

आणि विनयातला तो प्रसंग. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू घाणीत पडून होता, कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून नीट निजवले. मग भिक्खूंना समजावले की इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? घर सोडून आलेल्या माणसांना सांगितलेले हे बोल आहेत. आपणही घर सोडून आलो आहोत. फक्त आपला संघ मराठी बोलणाऱ्यांपुरता धरू नका. अमेरिकेत कृष्णवर्णीय कुटुंबांत जन्मणाऱ्या सुमारे ३६५ बाळांमागे एकाला सिकलसेल असतो. नागपुरात चिठ्ठी घेऊन धावणारे माझे मामा आणि डरहॅममध्ये मुलाच्या खाटेशी बसलेली एखादी आई, दोघे एकाच गोष्टीची वाट पाहतात.

आता कृतीचे थोडे. महापरिनिर्वाण दिनानिमित्त डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आपले पुढचे शिबिर आहे. सुट्टीत भारतात जाणार असाल तर जाण्यापूर्वी रक्त देऊन जा, आल्यावर थांबावे लागेल. भगिनींनी १२.५ आणि बंधूंनी १३ हिमोग्लोबिन भरेल याची तयारी आतापासून करावी. दोन रक्तदानांत ५६ दिवस हवेत. आणि प्रश्नावलीत खरे लिहा. परत पाठवले गेलात तर नोंदणीच्या टेबलाशी या, आपल्या आकड्यांत यंदा एक नवा रकाना आहे, 'खरे सांगून परत गेलेले'. तो मी सर्वांत वर लिहिणार आहे.

तो तरुण त्या दिवशी परत गेला नाही. पाच वाजेपर्यंत रक्त देऊन उठणाऱ्यांना तो रस आणि बिस्किटे देत होता, एका वयस्कर काकूंना चक्कर आली तेव्हा त्यांचा हात धरून बसून होता. आठ कारणांतले शेवटचे कारण म्हणजे चित्त सुशोभित होणे. ते मी त्या दिवशी पाहिले, आणि ज्याच्यात पाहिले त्याने रक्ताचा एक थेंबही दिलेला नव्हता. 'मग मी आलो कशासाठी?' या त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याने स्वतःच दिले होते. मला ते लिहायला इतके महिने लागले.

सर्व प्राणिमात्र सुखी होवोत, निरोगी होवोत.

साधु! साधु! साधु!
जय भीम!